सातव्या सर्गाचे पत्ते

वहीच्या त्या पानावर श्लोक नव्हतेच. तिथे लिहिलं होतं, "३० ते ३३ – बँक." त्याखाली, "३४, ३५, ३६ – पाणीपुरवठा." मग "३७ ते ४० – मोठ्या बाई." मग बसडेपो, नगरपालिका, तार ऑफिस, आणि त्रेसष्टाव्या आकड्यासमोर कंसात "दातांचे डॉक्टर". वहिनींनी पान उलटून पाहिलं. पुढच्या पानावर आठवा सर्ग सुरू झाला होता, स्वच्छ अक्षरात, एकाखाली एक श्लोक. त्याआधीचे सहा सर्गही तसेच. सातवा तेवढा एकोणतीस श्लोकांपाशी थांबला होता आणि त्यापुढे ऑफिसांची यादी लागली होती.

"अहो, हे काय आहे?" त्यांनी वही नेऊन सरांच्या समोर धरली.

सर खिडकीशी खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवरच्या उशीवर ठेवलेला, जसा कुणी दुसऱ्याचा हात सांभाळायला दिला असावा तसा. त्यांनी पान बराच वेळ वाचलं. आजारपणानंतर ते सगळंच बराच वेळ वाचत.

"पाठ होते," ते म्हणाले.

"होते म्हणजे?"

"होते म्हणजे होते गं. वहीत कशाला लिहायचे? त्या त्या लोकांना लिहून दिलेच होते की. इथे नुसती खूण केली, कुठला कुणाकडे गेलाय त्याची."

"आणि आता?"

सरांनी डोळे मिटले, ओठ हलवून पाहिले. खाली रस्त्यावर कुणी तरी मोटार सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती घरघरायची आणि बंद पडायची.

"आता नाहीत," सर म्हणाले.

टेबलावर मंडळाचं पत्र होतं. संस्कृतच्या नव्या पुस्तकांना मदत करणारं ते मंडळ सरांचं महाकाव्य छापायला तयार होतं. चौदा वर्षांत तीनदा अर्ज केला होता, आता हो आलं होतं. अट एवढीच: नऊही सर्ग पूर्ण हवेत, स्वच्छ प्रत हवी, प्रत्येक श्लोकाखाली मराठी अर्थ हवा, आणि हे सगळं महिनाअखेरपर्यंत. "अपूर्ण हस्तलिखिताचा विचार केला जाणार नाही," या ओळीखाली रेघ मारलेली होती. महिना संपायला बावीस दिवस होते आणि चौतीस श्लोक गावभर लोकांच्या भिंतींवर टांगलेले होते.

*

सर संस्कृतकडे वळले ते काही ओढीने नव्हे. शाळेत दुसऱ्या विषयाच्या वर्गातले बाक भरले होते आणि संस्कृतच्या वर्गात सहाच मुलं होती, म्हणून हेडमास्तरांनी पोस्टमनच्या या मुलाला उचलून तिकडे बसवलं. तिथे तो बसला तो बसलाच. घरात कुणाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. वडील दिवसभर सायकलवर पत्रं वाटून येत, पाय गरम पाण्यात सोडून बसत आणि म्हणत, "म्हण रे तुझं ते काहीतरी." मुलगा म्हणायचा. वडिलांना तेवढ्यात झोप लागायची.

पुढे सर त्याच गावात हायस्कूलवर लागले आणि चौतीस वर्षं एकाच वर्गखोलीत एकाच फळ्यावर तीच रूपं लिहीत राहिले. कविता ते विशीपासून करत. त्या एका मासिकात छापून येत. त्या मासिकाचे दोनशे वर्गणीदार होते आणि बहुतेक सगळे त्यात कविता लिहिणारेच, त्यामुळे अंक आला की प्रत्येक जण आपली कविता वाचायचा आणि अंक मिटायचा. वर्षाकाठी एकदा कविसंमेलन असे. व्यासपीठावर पंधरा कवी, समोर बारा श्रोते, आणि त्यातले दोघे माइकवाले. लग्नानंतर पहिल्या वर्षी वहिनी हौसेने गेल्या होत्या. परतताना सरांनी विचारलं, "कसं झालं?" वहिनी म्हणाल्या, "खुर्च्या छान होत्या." त्यानंतर त्यांना कुणी चल म्हटलं नाही.

वहिनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांचे आवाज जोडून द्यायचे, आणि कोण काय बोलतंय ते ऐकायचं नाही. घरी आल्यावरही तेच. सर म्हणत, वहिनींच्या कानावर पडे, आत काही जात नसे. संस्कृत त्यांना वाचता येई, कळत नसे.

अष्टकांची सुरुवात झाली ती शाळेचे हेडमास्तर निवृत्त झाले तेव्हा. कार्यक्रमाला काही तरी वेगळं हवं म्हणून सरांनी त्यांच्यावर आठ श्लोक केले. एका पेंटरकडून जाड कागदावर रंगीत शाईने लिहून घेतले, खाली मराठी अर्थ, भोवती वेलबुट्टी, आणि वर काच. सरांनी ते म्हणून दाखवलं तेव्हा हेडमास्तर ढसाढसा रडले. त्यांचा विषय गणित होता, त्यातलं एक अक्षर त्यांना कळलं नव्हतं. पण सभागृहात ते रडणं सगळ्यांनी पाहिलं, आणि महिनाभरात बँकेतला एक कारकून घरी आला.

"सर, आमच्या साहेबांचं चाललंय. तेवढं बघा ना."

"कधी आहे कार्यक्रम?"

"परवा."

सगळ्यांचा परवाच असे. कुणाला नाही म्हणायचं सरांच्या अंगात नव्हतं, आणि त्यातल्या एकाने वहिनींची बदली थांबवली, एकाने मुलीच्या ॲडमिशनचं पाहिलं. गावात त्यांचं नाव अष्टकसर पडलं. मुलं लांबूनच ओरडत, "अष्टकसर, माझं पण लिहा, मी सहावीतून रिटायर होतोय!"

याच काळात ते महाकाव्य लिहीत होते. विषय होता वडील. एका सहकाऱ्याने त्यांना विचारलं होतं, "पोस्टमनवर महाकाव्य? राजा नाही, युद्ध नाही. बरं, नायिका कोण?"

"सायकल," सर म्हणाले होते.

नऊ सर्ग, मंद पावलांच्या लांब वृत्तात. वडिलांच्या सायकलचा वेग तोच होता, असं त्यांचं म्हणणं. सातव्या सर्गात नोकरीचा शेवटचा दिवस: पोस्टमन शेवटची फेरी मारतो, एकेका दारापुढे थांबतो, आणि संध्याकाळी रिकामी पिशवी ऑफिसात देऊन पायी घरी येतो. आणि हाच सर्ग सरांच्या उपयोगाला येऊ लागला. निवृत्त होणाऱ्या कुणाचाही शेवटचा दिवस म्हणजे शेवटचा दिवसच. परवाचा कार्यक्रम, डोक्यात तयार चार श्लोक. पिशवीच्या जागी लेखणी घातली की बँक. घराच्या जागी शाळा घातली की मोठ्या बाई. आठातले पाच नवे करायचे, तीन तिकडून घ्यायचे. वहीत खूण करायची आणि नंतर सावकाश मूळ रूपात उतरवून काढायचं. समारंभात मात्र ते दर वेळी म्हणत, "हे खास तुमच्यासाठी सुचलं."

नंतर ते वहीत उतरवायची सवड मिळालीच नाही. गेल्या वर्षी एका सकाळी चहाचा कप हातात असताना कप धरलाय हेच हात विसरला. दवाखान्यातून परत आले ते काठी घेऊन. माणसं ओळखत होते, वाचलेलं कळत होतं, भाजीचे भावसुद्धा लक्षात होते. जे नुसतं पाठ होतं ते गेलं.

"परत येईल का?" वहिनींनी डॉक्टरांना विचारलं होतं.

"काही येईल, काही नाही," डॉक्टर म्हणाले. कोणतं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

*

"म्हणजे तू आता दारोदार फिरणार?" मुलगी फोनवर म्हणाली. ती दुसऱ्या गावी नोकरीला होती. "बाबांनी करून ठेवायचं आणि तू निस्तरायचं. आई, गुडघा बघ तुझा."

"मग कोण फिरणार? तू येतेस?"

"मला रजा कुठे आहे?"

"मग ठेव फोन. मला बँकेवाल्यांकडे जायचंय."

"फोटो काढून आण नुसते. लिहीत बसू नकोस."

वहिनींनी पहिल्या घरी फोटो काढून पाहिला. काचेत त्यांचा स्वतःचाच चष्मा आणि कपाळ आलं, आणि त्यामागे कुठे तरी श्लोक. पेंटरची वेलबुट्टी अक्षरांतही शिरलेली होती, आणि शाई इतकी उडालेली की मात्रा आहे की माशीने घाण केलीय ते बोट लावून पाहावं लागे. शेवटी त्यांनी वही काढली. एक एक अक्षर बघून उतरवायचं, मग मोठ्याने वाचायचं, मग पुन्हा पडताळायचं. एका घराला दीड तास लागे.

बँकेचे मॅनेजर वारले होते. त्यांच्या सुनेने पोटमाळ्यावरून फ्रेम काढून दिली आणि कपडे धुण्याच्या मशीनवर ठेवली. मशीन चालू होतं. वहिनींनी थरथरणारे चार श्लोक उतरवून घेतले.

"काकू, हवी तर फ्रेमच घेऊन जा ना," सून म्हणाली. "तेवढीच जागा होईल."

डेपोच्या साहेबांकडे भिंतीवर ती फ्रेम होती, पण तिच्यात नातवाचा पदवी घेतानाचा फोटो होता. "तुमचं ते काढलं वाटतं," साहेबांची बायको ओशाळून म्हणाली. मग तिनेच फ्रेम उलटी केली, चाकूने मागचे खिळे उचकटले, आणि फोटोच्या मागे, पुठ्ठ्याच्या जागी, घडी घालून सरांचं अष्टक निघालं. "बघा, टाकलं नव्हतं हं आम्ही!" ती म्हणाली, अगदी जिंकल्यासारखी.

दातांच्या डॉक्टरांकडे ते वेटिंग रूममध्ये होतं, त्यांच्या दवाखान्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हाचं. गाल धरून बसलेल्या माणसांच्या डोक्यावरून मान लांबवून वहिनी वाचत राहिल्या. एका म्हाताऱ्याने विचारलं, "दर लिहिलेत का हो?"

मोठ्या बाई, म्हणजे मुलींच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस, वृद्धाश्रमात होत्या. त्यांच्या वाट्याला एक पलंग, एक कपाट आणि अर्धी खिडकी होती.

"फ्रेम नाही गं माझ्याकडे. इथे खिळा मारू देत नाहीत," त्या म्हणाल्या. वहिनींना खुर्चीवर नुसतं बसूनच राहावंसं वाटलं. एवढ्यात बाईंनी पलंगाचा कठडा धरला आणि आठच्या आठ श्लोक म्हणून दाखवले, एका दमात, शाळेच्या प्रार्थनेसारखे. "रोज म्हणते. अर्थ विचारू नकोस. म्हटलं की श्वास सरळ होतो."

"परत म्हणाल? हळू?"

"लिहून घेतेस? घे. पुस्तकात जाणार? जाऊ दे. माझं नाव नको घालायला हं. आणि त्याला म्हणावं, माझ्या निरोपालाही तू अर्धा तास उशिरा आला होतास, ते मी विसरलेले नाही."

संध्याकाळी घरी आल्यावर दुसरं काम सुरू होई. वहिनी उतरवलेलं वाचून दाखवत, सर ऐकत आणि कुठला शब्द नंतर घुसवलेला आहे ते सांगत. "इथे लेखणी नाही, पिशवी. बसतं बघ, जसंच्या तसं बसतं." डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर वाजवत ते लघुगुरू मोजत. बहुतेक ठिकाणी जुना शब्द दोन-तीनदा वाजवून सापडे. मग ते अर्थ सांगत आणि वहिनी लिहीत. चाळीस वर्षं कानावरून गेलेलं आता त्यांना अक्षर अक्षर कळत होतं, आणि ते कळायला नेमके असे दिवस यावेत, जेव्हा पायांत गोळे येताहेत आणि भांडी तशीच पडलीत, याचा त्यांना राग येई. सासऱ्यांना त्यांनी तीनच वर्षं पाहिलं होतं. ते दारात सायकलची घंटा वाजवून मगच घरात येत, स्वतःच्याच घरात. ते श्लोकात होतं.

"हे कुणाला दिलं होतंत?"

"नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना."

"त्यांच्याकडे कुठली घंटा?"

"सभेची," सर म्हणाले आणि मान खाली घातली.

अठराव्या दिवशी एकतीस श्लोक झाले होते. पाणीपुरवठ्याचे तीन राहिले.

*

पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. घर इतकं आवरलेलं की वहिनींना चप्पल कुठे काढावी कळेना. त्यांच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर टीव्ही नव्हता, ती फ्रेम होती. काच पुसलेली, शाई अजून निळी.

"वहिनी, बसा. सर कसे आहेत?"

"आहेत. हे एवढं उतरवून घ्यायचं होतं. पुस्तकात घालायचंय."

बाकी घरांतून एवढ्यावर भागलं होतं. इंजिनिअर पुढे सरकून बसले.

"कुठल्या पुस्तकात? माझ्यावर पुस्तक?"

हो म्हणून टाकावं, असं वहिनींच्या अगदी जिभेवर आलं. हो म्हटलं की दीड तासात सुटका होती. पण तीन जिने चढून त्यांच्यात खोटं बोलण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं.

"त्यांच्या वडिलांवर," त्या म्हणाल्या.

"ते पाण्याच्या खात्यात होते?"

"पोस्टात. पोस्टमन."

इंजिनिअरांनी चष्मा चढवला, उठून फ्रेमपाशी गेले आणि खालचा मराठी अर्थ वाचला. वाचला म्हणजे फ्रेमकडे पाहून पाठच म्हटला. "शेवटच्या दिवशी त्याने पाण्याची झडप स्वतःच्या हाताने फिरवली, आणि लोखंडाचा गारवा तळव्यात घेऊन, कुणाशी न बोलता, तो घरी निघाला." ते वळले. "हे पोस्टमनने केलं?"

"शब्द बदलले असतील थोडे."

"मी केलं होतं हे. निरोपाचा समारंभ झाला, फुलं झाली, भाषणं झाली. त्याच्या आदल्या दिवशी मी पंपहाऊसवर गेलो होतो. एकटा. ऑपरेटरला म्हटलं, बाजूला हो, आज मी बंद करतो. कुणाला सांगितलं नाही हे, हिलासुद्धा नाही. आणि दुसऱ्या दिवशी सर स्टेजवर उभे राहून हे म्हणतात. सतरा वर्षं मला वाटतंय वहिनी, या माणसाला कसं कळलं?"

वहिनींनी बाहेर काढलेली वही परत पिशवीत सारली. एक्स्चेंजमध्ये असताना अशा वेळी त्या कानाचं यंत्र काढून ठेवत.

"ही गेली तेव्हा महिनाभर मी दुसरं काही वाचलं नाही," इंजिनिअर म्हणाले. "आणि ते आधीच लिहिलेलं होतं? भाड्याच्या कोटासारखं? ज्याला बसेल त्याला?"

"तसं नाही."

"मग कसं?"

इंजिनिअर फ्रेमच्या आणि वहिनींच्या मध्ये येऊन उभे राहिले.

"नाही वहिनी. हे तीन नका नेऊ. राग मानू नका. चहा टाकू?"

"नको. पाणी द्या नुसतं."

*

"दिले नाहीत," वहिनी घरी येऊन म्हणाल्या आणि पाय वर घेऊन पलंगावर बसल्या. "ते म्हणतात ते त्यांचं आहे."

त्यांनी सगळं सांगितलं. सर ऐकत राहिले.

"झडप," ते म्हणाले. "झडप घातली होती मी."

"तिथे काय होतं आधी?"

"पेटी. कोपऱ्यावरची लाल पेटी. शेवटचं टपाल काढून वडिलांनी तिला कुलूप लावलं, आणि किल्ली हातात धरून ऑफिसापर्यंत चालत गेले. थंडीचे दिवस. किल्लीचा गारवा त्यांच्या तळव्यात राहिला, तो घरी आल्यावर माझ्या हाताला लागला." ते थांबले. "मला सगळं दिसतंय गं. शब्द नाहीत."

"नवीन करा. तीनच तर आहेत."

"करतो."

त्यांनी दोन दिवस केले. सकाळी आंघोळ झाली की खुर्चीत बसायचे आणि बोटं वाजवायला सुरुवात. स्वयंपाकघरात वहिनींना ती टकटक ऐकू येई. आधी सावकाश चार, मग भराभर पाच, मग अडखळून पुन्हा पहिल्यापासून. परवाच्या कार्यक्रमाला भाजी निवडून होईतो आठ श्लोक करणारा माणूस. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एक चरण झाला. संध्याकाळी त्यांनी तो वहिनींकडून वाचून घेतला आणि म्हणाले, "खोडून टाक. यात पेटी आहे, पण तो नाही."

"तीन श्लोक सोडून देऊ. कोण मोजतंय?"

"पस्तिसावा गेला तर त्याचा दिवस कसा संपतो? फेरीवरून तो घरी येतच नाही. पुढचे सगळे श्लोक घरातले आहेत." त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "नको पाठवू. राहू दे सगळं."

वहिनी वही मिटून उठल्या. वीस दिवसांत पहिल्यांदाच त्यांना ओरडावंसं वाटलं. कुणावर ते मात्र ठरेना. "राहू दे म्हणे," त्या स्वयंपाकघरात जाऊन नळाला सांगितल्यासारख्या म्हणाल्या. "तीस वर्षं बापाला वाटत फिरलात तेव्हा नाही वाटलं, राहू दे."

बाहेर पुन्हा सुरू झालेली टकटक थांबली. मग दाराची बेल वाजली.

दारात इंजिनिअर होते. चादरीत गुंडाळलेली फ्रेम त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. बसमधून आणली होती तशी.

"वहिनी, सरांना एक विचारायचंय." ते आत आले, पण बसले नाहीत. "सर, खरं सांगा. हे माझ्यासाठी सुचलं होतं की नाही?"

वहिनी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. एक हो म्हटलं की तीन श्लोक मिळत होते. सरांनी हेच वाक्य गावातल्या नऊ जणांना आपण होऊन सांगितलं होतं, कुणी विचारलेलं नसताना. ते त्यांच्या तोंडात तयार होतं, त्यांच्या ओठांवर ते येताना वहिनींना दिसलं.

"नाही," सर म्हणाले. "आधीच होतं. वडिलांचं होतं."

इंजिनिअरांनी फ्रेम टेबलावर ठेवली.

"तुम्ही पंपहाऊसवर गेला होतात हे मला ठाऊक नव्हतं," सर म्हणाले. "वडील गेले होते, म्हणून वाटलं, माणूस जात असेल. म्हणून पेटी काढून झडप घातली. त्या एका शब्दासाठी सगळा श्लोक मोडून परत बांधावा लागला. संध्याकाळभर लागली होती. बाकीच्यांचं एका शब्दावर भागायचं."

"म्हणजे झडप तेवढी माझी."

"तेवढी तुमची."

"आणि आता ती काढून परत पेटी घालणार."

"घातली असती," सर म्हणाले. "दोन दिवस बसलोय. जमत नाही मला आता."

असं त्यांनी आजवर कुणापुढे म्हटलं नव्हतं, डॉक्टरांपुढेसुद्धा नाही. इंजिनिअरांनी त्यांच्या मांडीवरच्या उशीकडे आणि तिच्यावरच्या हाताकडे पाहिलं, आणि मग खुर्ची ओढून बसले.

"मग झडपच ठेवा ना," ते म्हणाले.

"माझ्या वडिलांनी झडप पाहिलीही नव्हती हो."

"मी तरी कुठे पेटी उघडली होती?" इंजिनिअर म्हणाले. "सतरा वर्षं मी तुमच्या वडिलांचा दिवस माझा म्हणून वाचला. आता त्यांनी एक संध्याकाळ माझी झडप बंद केली तर काय बिघडलं? पण काढायची नाही. या अटीवर घ्या."

 सरांचा डावा हात दांड्यावर होता, बोटं उचललेली, वाजवायची राहिलेली. वहिनींना वाटलं, आता हे नाही म्हणणार, आणि परवा तारीख उलटणार, आणि मग आपण दोघं या खोलीत बसून राहणार. त्यांनी चादर सोडली, फ्रेम उजेडाकडे वळवली आणि वही उघडली. कुणाला विचारलं नाही. अक्षर अक्षर बघून तीन श्लोक उतरवले, मोठ्याने वाचले, पुन्हा पडताळले. पस्तिसावा वाचताना सर पुढे झुकले.

"परत वाच."

त्यांनी परत वाचला.

"बरा बांधलाय," सर म्हणाले, दुसऱ्या कुणाचं ऐकल्यासारखे. मग थोड्या वेळाने, "अर्थ लिही."

वहिनींनी पेन उचललं.

"शेवटच्या दिवशी त्याने पाण्याची झडप स्वतःच्या हाताने फिरवली..."

"बंद केली," इंजिनिअर म्हणाले.

"काय?"

"फिरवली म्हटलं तर उघडली की बंद केली ते कळत नाही. सतरा वर्षं खटकतंय मला ते."

"श्लोकात फिरवलीच आहे."

"श्लोकात असू दे हो. अर्थात तरी बरोबर लिहा. पाण्याचं काम आहे."

सरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींचा हात दुखत होता, संध्याकाळचा स्वयंपाक व्हायचा होता, आणि अजून आठव्या-नवव्याची स्वच्छ प्रत बाकी होती.

"फिरवून बंद केली, असं लिहिते," त्या म्हणाल्या. "चालेल दोघांना?"

कुणी नाही म्हटलं नाही. त्यांनी लिहिलं, खाली रेघ ओढली आणि पुढचा आकडा घातला.